खोडलेला खोकला

नकल्याचं खरं नाव त्याच्या बायकोखेरीज कोणी घेत नसे, आणि तीही रागावली तरच. आठवडाभर तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि शनिवारी वाचनालयामागच्या सभागृहात लोकांच्या नकला करायचा. पाणीखात्याच्या बड्या साहेबांची नक्कल सुरू झाली, की माणसं हसून हसून बेजार व्हायची. हे साहेबांच्या कानावर गेलं आणि माशी शिंकली.

नगरपालिकेनं फर्मान काढलं, कार्यक्रमात काय बोलणार ते आधी लिहून द्या, शिक्का घ्या. नकल्यानं मुकाट्यानं लिहून दिलं. कागद परत आले तेव्हा शब्दन् शब्द जागेवर होता. कंसातलं ‘खोकतो’ तेवढं लाल शाईनं खोडलेलं.

“अहो, पण साहेब तोंड उघडण्याआधी खोकतातच!”

“म्हणूनच,” कारकून म्हणाला.

खोकल्याशिवाय साहेब कसला, नुसता कोट! नकल्या हटून बसला आणि थेट कोर्टात गेला. हरला असता तर सभागृहाची पायरी कायमची बंद. बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. ती कधी कार्यक्रमाला गेलेली नव्हती; शनिवारी तिची दवाखान्यात कामाची पाळी असे. “एक खोकला गिळलास तर काय मरशील?” ती रोज विचारायची. तोही रात्री कूस बदलत तेच स्वतःला विचारायचा.

“खोकल्यानं शांतता बिघडेल म्हणता, ती कशी?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“लोकांना कळतं ना, कोण ते,” नगरपालिकेचे वकील बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

निकालात बाईंनी स्पष्ट सांगितलं, सभागृहाला दारं किती हवीत याचे नियम नगरपालिकेनं खुशाल करावेत; पण बोलायच्या आधी परवानगी मागायला लावता येणार नाही, आणि साहेबाला हसणं हा गुन्हा नव्हे. नियम रद्द!

नकल्याचा जीव भांड्यात पडला. कोर्टाच्या व्हरांड्यातच तो बाकावर बसला आणि हसत सुटला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

घरी बायकोनं चहा पुढ्यात ठेवला. “आता तरी दाखव, कसा खोकतो तो.”

नकल्यानं मान ताठ केली, कॉलर सारखी केली आणि खोकला. बायकोला ठसकाच लागला. हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत ती म्हणाली, “एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठीच.”

“पुन्हा कर,” ती म्हणाली.