काय सोडलं ते विचारणाऱ्या सुमन सिस्टर

“मॅडम, तुमी कागदाले इचारून रायल्या, बाईले नाही.”

अठरा वर्षांपूर्वी सुमनताई खोब्रागडे मला हे म्हणाल्या, तीच आमची पहिली ओळख. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. त्या तिथल्या जुन्या परिचारिका. समोर बसलेल्या बाईंवर मोहफुलं वेचताना अस्वलाने हल्ला केला होता. जखमा भरून वर्ष झालं, तरी बाई पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत, अशी घरच्यांची तक्रार होती. मी छापील प्रश्नावली वाचत होते. वाईट स्वप्नं पडतात? नाही. तो प्रसंग सारखा आठवतो? नाही. ‘विशेष काही नाही’ असं मी लिहिणारच होते.

सिस्टरांनी स्टूल ओढलं. “काऊन वो बाई, औंदा मोहा कोनं वेचला?”

“सुनेनं.”

“अन् तू?”

“वास आला का हातपाय गार पडते, सिस्टर. अंगणात वाळू घातला, त मी मायेरी निघून गेली.”

बाई गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, “झालं काय, ते लोक सांगत नाही. सोडलं काय, ते इचारा.”

आघातानंतरचा ताणविकार, ज्याला आम्ही पीटीएसडी म्हणतो, मी पुस्तकात शिकले होते. माणसात तो ओळखायला सिस्टरांनी शिकवलं. अपघातानंतर स्टिअरिंगला हात न लावणारा ट्रकचालक, घर जळाल्यापासून चूल न पेटवणारी सून, यांना लोक भित्रे म्हणत, आळशी म्हणत. सिस्टरांनी कुणालाही तसं म्हटलं नाही.

मी म्हटलं. तेही त्यांनाच.

तलावाकाठच्या एका गावातलं आरोग्य शिबिर सिस्टर दर वर्षी चुकवत. तिसऱ्या वर्षी मी वरिष्ठांना लेखी कळवलं, ‘कामचुकारपणा करतात.’ त्यांना नोटीस आली. त्यांनी दोन ओळींचं उत्तर दिलं. त्याच आठवड्यात माझी मुलगी तापाने फणफणली, तेव्हा माझी पर्स माझ्या हातात देत त्याच म्हणाल्या, “तुमी घरी जा. पेशंट मी पाहून घेईन.”

लस टोचताना त्या बाळाला कधी हातात घेत नसत. “मायच्याच मांडीवर राहू दे,” म्हणत. ही किती चांगली पद्धत आहे, असं मी नव्या परिचारिकांना वर्षानुवर्षं सांगत आले.

सिस्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी आठवणी गोळा करायला मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. त्या चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा त्यांच्या मोठ्या बहिणीने हळूच सांगितलं. मी रुजू होण्याच्या चार वर्षं आधी शिबिराच्या गावच्या त्याच तलावात डोंगा, म्हणजे छोटी लाकडी नाव, उलटला होता. सिस्टर त्यात होत्या. एका आईने क्षणभर त्यांच्याकडे दिलेलं तान्हं बाळ त्यांच्या हातातून सुटलं, ते सुटलंच. “अजूनबी झोपेत उशी गच्च धरून ठेवते,” बहीण म्हणाल्या.

सिस्टर चहा घेऊन आल्या. “मला कधी सांगितलं का नाहीत?” मी विचारलं.

“तुमी कधी इचारलं?” त्या हसल्या. “गावभर सवाल इचारत फिरता, बाजूच्या टेबलाले एकबी नाही. घ्या, चहा थंडा होऊन रायला.”

हे ओळखणं हाच माझा व्यवसाय, आणि अठरा वर्षं शेजारी बसून मला ते दिसलं नाही. उलट मी त्यावर तक्रार लिहिली. नोटिशीबद्दल माफी मागायला लागले, तर त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली. हा लेख, शेवटचा परिच्छेद सोडून, मी त्यांना आधी वाचून दाखवला आहे. डोंग्याच्या ओळींपाशी त्यांनी मला थांबवलं. मग म्हणाल्या, “छापा. कोनाच्या तरी कामी येईन. पन मले पेशंट नका बनवू.”

सिस्टर, तुमच्या साठीनिमित्त मी तुमच्यासाठी पुष्कळ वर्षं मागते, धडधाकट वर्षं, आणि त्या वर्षांत शांत झोपही मागते. इतका काळ गेल्यावरही उपचारांनी बरं वाटतं, हे तुम्हीच कितीतरी रुग्णांना पटवून दिलंत. नागपूरला माझ्या विश्वासातल्या एक डॉक्टर आहेत. मी आत येणार नाही, काही विचारणार नाही, फक्त प्रवासात सोबत असेन. तुम्ही नाही म्हणाल, हे मला ठाऊक आहे. तरी सगळ्यांसमोर विचारते. हा ग्रंथ तुमच्या हाती आल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी माझ्याबरोबर चलाल?