मोकळा ठेवलेला हात

अर्धे कपडे दोरीवर आणि अर्धे पिळे बादलीत, असं टाकून थंडोबांची बायको गेली. चादरीचं एक टोक दोरीवर टाकलं, छातीशी हात नेऊन खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर आले ते नाडी बघून मान हलवण्यापुरतेच.

थंडोबा हे नाव तिनेच ठेवलेलं. ते छापखान्यांची मशीनं साफ करायचे. पूर्वी रॉकेल आणि चिंध्या घेऊन घासायचे, तेव्हा अंगाला वास असा चिकटायचा की ती त्यांना आधी मोरीत पिटाळायची, मग पाणी विचारायची. अलीकडे कोरडा बर्फ आला. तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे कण हवेच्या दाबाने नळीतून सुटायचे, मशीनच्या सांध्याकोपऱ्यांत वर्षानुवर्षं बसलेली शाईची खपली तडकून गळायची आणि बर्फ हवेत विरून जायचा. ती म्हणायची, साधा बर्फ निदान पाण्याचा थेंब तरी मागे ठेवतो. हा तुमच्यासारखाच, आला कधी नि गेला कधी, घराला पत्ता नाही.

लेक लांब दिलेली. दुसऱ्या दिवशी दुपारशिवाय पोचणार नव्हती. फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत आईला नेऊ नका. मला तिचा हात धरायचाय."

दाराशी बर्फाचा खोका होता, उद्याच्या कामासाठी आणलेला. थंडोबांनी छापखान्याच्या मालकाला फोन लावला. तोंडाचा फटकळ माणूस; शाईचा एक डाग राहिला तरी छापखाना डोक्यावर घेणारा. सगळं ऐकून म्हणाला, "मशीन काय पळून जातंय? वापरा तो बर्फ."

जाड कापडाच्या पुरचुंड्या करून त्यांनी तिच्या पोटाशी, कुशीला लावल्या. खिडक्या सताड उघडल्या, कारण या बर्फाचा वायू बंद खोलीत माणसाचा श्वास कोंडतो. भेटायला येणाऱ्यांनाही दाराबाहेरच बसवलं. तिचा उजवा हात मात्र बाजूला घेऊन उशीवर ठेवला. शेजारची शिंपीण म्हणाली, हातालाही लावा की, चांगला राहील. थंडोबा नको म्हणाले. या बर्फाने कातडी कशी करपते ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. शिवाय तो हात लेकीला धरायचा होता, तो गारठायला नको.

पुरचुंड्या रोडावत गेल्या. ते पुन्हा पुन्हा भरत राहिले आणि देवाचं नाव घेत राहिले. सकाळी खोक्याचा तळ दिसू लागला तसं नाम तोंडात राहीना. जीव सगळा गाडीच्या वेळेत अडकला. देवाने एवढं मात्र ऐकलं. शेवटचे दाणे कापडात बांधत असतानाच लेक दारात उभी राहिली.

ती थेट उशीपाशी बसली. आईचा हात दोन्ही हातांत घेतला.

"बाबा, किती गार पडलाय हो."

"त्या हाताला मी बर्फ लावलाच नव्हता गं," थंडोबा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले.

लेकीने हात सोडला नाही. चोळत राहिली, लहानपणी आई तिचे हात चोळायची तसा.

आईला स्मशानात पोचवून आल्यावर लेकीने बादलीतले कुबट कपडे पुन्हा धुवून वाळत घातले, चादर नीट पसरली. दोन दिवसांनी तीही आपल्या घरी गेली.

छापखान्यातलं मशीन तसंच अडून होतं. थंडोबांनी रिकामा खोका उचलला, दाराला कडी घातली आणि बर्फ आणायला कारखान्याकडे निघाले.