गार चाक

ब्रेक दाबला की माझी गाडी डावीकडे ओढायची. आळेफाट्याच्या मिस्त्रीने एक चक्कर मारून आणली, उतरला आणि पोराचा ताप बघावा तसा पुढच्या दोन्ही चाकांना उलटा हात लावला.

मीही लावून बघितला. "डावं तापलंय. तेच बिघडलंय ना?"

"नाय भाऊ. ते एकटंच गाडी थांबवतंय, म्हणून तापलंय. उजवं गार हाय बघा. त्याचा ब्रेक लागतच नाय."

त्याने उजवा ब्रेक मोकळा केला. नाव विचारायचं राहिलंच.

मी नाशिकहून निरगुडसरला निघालो होतो, थोरल्या भावाला जाब विचारायला. अंथरुणाला खिळलेली आई चार वर्षं त्याच्याकडेच. हल्ली तो तिच्यावर खेकसतो, असं कानावर आलं होतं.

घरी पोचलो आणि आईची चादर बदलायला घेतली.