माझा शुक्रवार, काकूंचा शुक्रवार

आमच्या घरी शुक्रवारी मटण शिजत नाही. चिकनही नाही. शिरूरला आमच्या गल्लीत रविवारी सकाळी सगळ्यांच्या घरातून वाटणाचा वास येई, तसाच आमच्याही घरातून येई. त्यामुळे आठवड्याचे बाकीचे दिवस आम्ही गल्लीतल्या कोणासारखेही असू शकत होतो. शुक्रवारी मात्र वेगळे. ख्रिस्त ज्या दिवशी क्रुसावर गेला त्या दिवशी आपण मांस खायचं नाही, एवढंच आई सांगायची. बहुतेक कॅथलिक घरांत हा नेम आता उपवासकाळापुरता, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांपुरता उरला आहे. आई वर्षभर पाळते. मासे मात्र चालतात. शिरूरला ताजे मासे रोज कुठले मिळणार, म्हणून आमच्या शुक्रवारी सुकट असे, चिंचेच्या कोळातली. ती मला इतकी आवडायची, की प्रायश्चित्त म्हणजे काहीतरी चमचमीत असतं असंच मला लहानपणी वाटायचं.

माझ्या नावावरून आणि आडनावावरून कोणाला काही कळत नाही. इंग्रजी शाळेत असताना एकदा एका मैत्रिणीच्या आईला मी आपणहून सांगितलं होतं, की आम्ही ख्रिश्चन आहोत. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हो का? मग आधीचे कोण?" मला उत्तर आलं नाही, पण त्यांना ते मिळालं असावं. त्यानंतर त्या घरात मला पाणी स्टीलच्या पेल्याऐवजी काचेच्या ग्लासात मिळू लागलं. कदाचित तो योगायोग असेल. पण तेव्हापासून मी कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि विचारलं तर हसते. माझ्या हसण्याचा अर्थ ज्याने त्याने हवा तो लावावा.

कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा मी दौंडला खोली घेतली. खाली घरमालक राहतात, काकू आणि आप्पा. मूळचे खुटबावचे. शेती मुलगा बघतो, आणि आप्पा दर दोन दिवसांनी मोटरसायकलवरून जाऊन त्याच्या चुका काढून येतात. खोली दाखवताना काकूंनी एकच चौकशी केली. "मटण-मच्छी खाती ना? न्हाई म्हंजी, आमच्यात सगळं चालतं, तुला वास आला तर म्हणशील." मी खाते म्हटलं. त्या खूश झाल्या.

त्यांच्याकडे मटण रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. राहायला आले त्याच शुक्रवारी त्या वाटी घेऊन जिना चढून आल्या. वर तांबड्या रश्श्याची तर्री, बाजूला बाजरीची भाकरी. मी दारात उभी राहिले.

"काकू, आज शुक्रवार आहे," मी म्हटलं. "माझा असतो."

त्यांनी वाटी एकदम मागे घेतली आणि तिच्यावर पदर धरला, जणू माझी नजरसुद्धा तिच्यावर पडायला नको. "आगं बाई! आधी सांगायचं न्हाई व्हय? संतोषीमातेचा धरलाय?"

मी हसले.

तिथून सगळं सुरू झालं. पुढच्या शुक्रवारी त्या गूळ-फुटाणे घेऊन आल्या. संतोषीमातेच्या शुक्रवारी आंबट चालत नाही, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. एकदा अंगणात शेजारच्या बाईंनी कैरीचं लोणचं माझ्या हातावर ठेवलं, तर काकूंनी ते माझ्या तळहातावरून उचलून परत बरणीत टाकलं. "तिचा शुक्रवार हाय," त्या शेजारणीला म्हणाल्या, "शिकली-सवरलेली पोरगी, पन नेम बघा कसा!" शेजारीण माझ्याकडे कौतुकाने बघत राहिली. मी मान खाली घातली, तर त्याचाही विनय झाला.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी काकू जिन्यात बसल्या होत्या. मी कंपनीच्या बसमधून उतरून आले तर त्यांनी मला शेजारी बसवलं. त्यांची लेक पाबळला दिलेली. तिचं दोनदा पोटातलं गेलं होतं. हे सांगताना त्या जिन्याच्या कठड्यावरचा सुटलेला रंग नखाने काढत होत्या.

"तुझं बघून मीबी शुक्रवार धरते म्हणते. आधी दोनदा धरला, मधीच मोडला. ह्यांना ताक घालताना बोट चाटलं जातं, ध्यानातच ऱ्हात न्हाई. एकटीनं नेम टिकत न्हाई गं माझा. दोघी असलो की टिकंल." मग थांबून म्हणाल्या, "तू आंबटाला शिवतबी न्हाईस ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं. पण त्या वाक्याच्या मागे दुसरा प्रश्न उभा असतो, हे मला पक्कं माहीत होतं. मी नाही म्हणून मान हलवली. पहिल्या शुक्रवारच्या हसण्याचा अर्थ त्यांनी लावला होता; ही मान मात्र मी हलवली.

काकूंनी नेम फार मनावर घेतला. शुक्रवारी घरात ताक नाही, लिंबू नाही, टोमॅटो नाही. आणि आता मटणही नाही. आप्पांचा जीव कासावीस होई. मी कामावर निघाले की ते ओट्यावरून म्हणत, "या, मातोश्री. तुमच्या दोघींच्या देवीनं माझं ताकबी नेलं आन् मटणबी नेलं. आता माझं काय न्यायचं ऱ्हायलंय विचारा तिला."

"तुमची जीभ न्हे म्हणावं," आतून काकू.

संक्रांतीनंतर पाबळहून फोन आला. लेकीला दिवस गेले होते. काकू पेढा घेऊन वर आल्या आणि तो त्यांनी स्वतः माझ्या तोंडात घातला. "तुझ्या पायगुणानं," त्या म्हणाल्या. पेढा मी खाल्ला.

मग उपवासकाळ लागला. दौंडच्या आमच्या चर्चमध्ये त्या दिवसांत दर शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट असते. येशूच्या शेवटच्या चालण्याची चित्रं भिंतींवर लावलेली असतात, आणि आम्ही एकेका चित्रापुढे थांबून प्रार्थना करतो. मी जाऊन यायचे. काकूंना वाटायचं मी देवीला जाते. परत आल्यावर मी खोलीची खिडकी लावायचे आणि आईने डब्यातून दिलेली सुकट चिंच घालून गरम करायचे. सुकटीचा वास दडत नाही. म्हणून मी उदबत्ती लावायचे. एक पुरत नसे, म्हणून तीन. जिन्यात तो वास उतरे. एकदा काकू फोनवर लेकीला सांगताना मी ऐकलं, "वरची पोरगी अजून उदबत्ती करतीया बघ. दिसभर उभ्यानं काम करून येती, पन चुकत न्हाई."

मी दारामागे ताट मांडीवर घेऊन बसले होते. ते ताट मी संपवलं. भूक होती, हे खरं आहे.

ईस्टरच्या आधी पापनिवेदन करायचं असतं. मी रांगेत उभी राहिले, आणि फादरांना राग, आळस, आईशी उलट बोलणं असं नेहमीचं सांगून आले. काकूंचं सांगितलं नाही. तिथे जाळीच्या पलीकडे तोंडही दिसत नाही, तरी सांगितलं नाही.

काकूंचे शुक्रवार पुरे होत आले. शेवटच्या शुक्रवारी उद्यापन करायचं, म्हणजे पूजा, आणि गल्लीतल्या मुलांना खीर-पुरी-चण्याचं जेवण. दोघींनी मिळून करायचं, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. एके दिवशी त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मला म्हणाल्या, "ह्या शुक्रवारी करू. तुला कंपनीलाबी सुट्टी हाय. बघ, लाल हाय."

तो गुड फ्रायडे होता.

मी बघितलं आणि "बरं" म्हटलं. मनात ठरवलं, आदल्या दिवशी शिरूरला निघून जायचं, फोन करून काहीतरी सांगायचं. पण आदल्या दिवशी संध्याकाळी बॅग घेऊन खाली उतरले, तर काकू पातेल्यात हरभरे भिजत घालत होत्या. खिरीचा रवा चाळून ठेवला होता. मुलांसाठी केळी आणली होती. आप्पा पुढच्या खोलीत टीव्ही बघत होते.

"काकू," मी म्हटलं, "उद्या मला नाही जमणार."

त्यांनी माझ्याकडे, मग बॅगेकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "अडचण आली व्हय?"

किती सोपं होतं. बायकांमध्ये या शब्दाच्या पुढे कोणी काही विचारत नाही. मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मग आसूदे की. पुढल्या शुक्रवारी करू. तुझ्याबिगर न्हाई करायची मी. तुझ्यासंगं धरलाय." आणि त्या भिजवलेले हरभरे पुन्हा उपसायला लागल्या.

"काकू, मी ख्रिश्चन आहे. उद्या गुड फ्रायडे. माझा शुक्रवार तो आहे. संतोषीमातेचा नव्हता. कधीच नव्हता."

त्यांचे हात पाण्यात थांबले.

"मंग?"

"आम्ही शुक्रवारी मटण खात नाही. एवढंच असतं."

"आन् आंबट?"

"चालतं."

"खाल्लंस?"

"हो."

"कवा?"

"गेल्या शुक्रवारी. सुकट केली होती. चिंचेतली."

"सुकट?" टीव्हीचा आवाज कमी झाला आणि आप्पा तिकडून हसले. "उपासाला सुकट? आयला, ह्यो उपास आपल्याला झेपंल गं! ह्यो का न्हाई धरला तू?"

"तुमी गप बसा," काकू म्हणाल्या. मग मला, अगदी हळू, "आन् उदबत्ती?"

"वास जावा म्हणून."

मला वाटतं, बाकी सगळं त्यांनी तेवढ्यात पचवलं होतं. उदबत्तीपाशी त्यांचा चेहरा पडला. त्यांनी हात बाहेर काढले, पदराला पुसले.

"म्हंजी इतके शुक्रवार मी एकटीच होते म्हण की."

मी "सॉरी" म्हटलं. आयत्या वेळी माझ्या तोंडून तेच आलं, शाळेत वही विसरल्यावर म्हणायचो तसं.

मी त्या दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत उभी होते. आधीचे कोण तुम्ही. ज्याच्या भीतीपायी हे सगळं झालं, तो प्रश्न. तो आलाच नाही. काकू बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग हरभऱ्यांचं पातेलं उचलून त्यांनी मोरीकडे नेलं आणि मला एवढंच म्हणाल्या, "जा तू. तुझी गाडी जाईल."

मी शिरूरला गेले नाही. दुसऱ्या दिवशी इथल्याच चर्चमध्ये गेले. दुपारी क्रुसाचं चुंबन घ्यायला रांग असते. माझी पाळी आली तेव्हा मी ओणवी झाले, ओठ टेकवले आणि पुढे सरकले. एकही प्रार्थना आठवेना, ना आईची मराठीतली, ना शाळेतली इंग्रजी. परत आले तेव्हा खाली मुलांचा आवाज नव्हता. ओट्यावर आप्पा उसळ खात बसले होते. त्यांनी मला बघून नुसती मान हलवली. त्या दिवशी त्यांनी चेष्टा केली असती तर बरं झालं असतं.

काकूंनी उद्यापन केलं नाही. त्यांच्या हिशेबाने नेम मोडला होता. मी म्हटलं, "तुम्ही तर काही आंबट खाल्लं नव्हतं." त्या म्हणाल्या, "तुझ्या नावावर धरलावता ना मी." त्यांनी शुक्रवार पहिल्यापासून पुन्हा धरले आहेत. लेकीला आता आठवा लागला आहे. मी खोली सोडते म्हणाले, तर "कशाला? भाडं कुठं बुडावलंस तू?" म्हणून त्यांनी विषय संपवला.

परवाच्या शुक्रवारी सुट्टी घेतली होती, तेव्हा त्यांनी मला खाली पोहे खायला बोलावलं. दोन बशा होत्या. एका बशीच्या कडेला लिंबाची फोड होती. ती बशी त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"घे. तुला चालतंय."

मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता. आईने ताटात वाढावं तसंच ते होतं. मी फोड बशीच्या बाजूला ठेवून पोहे कालवायला लागले.

"अगं पीळ की," त्या म्हणाल्या. "वाया का घालवती? माझ्यासाठी कशाला ऱ्हाती? तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी."

आतून आप्पा ओरडले, "मला दे ती फोड!"

"तुमाला न्हाई," काकू म्हणाल्या.

मी लिंबू पिळलं. हात आंबट झाले. काकू समोर बसून आपले कोरडे पोहे खात होत्या, आणि माझे संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.