काकाजींचा मका

सालेकशाच्या अख्ख्या मुलखात इंग्रजांवर माझ्या काकाजींइतका चिडलेला माणूस नव्हता, आणि तो राग आपल्या देशासाठी नव्हताच. तो होता समुद्रापलीकडच्या, अमेरिकेतल्या वाम्पानोआग नावाच्या आदिवासी लोकांसाठी. तापाचं औषध वाटत फिरणाऱ्या एका अमेरिकन पादऱ्यानं त्यांना गोष्ट सांगितली होती. पहिले इंग्रज जहाजातून तिकडे उतरले आणि थंडीनं, उपासानं मरायला लागले. तेव्हा या लोकांनी त्यांना खड्ड्यात मासा पुरून वर मका कसा लावायचा ते शिकवलं, सोबत बसून जेवले. पुढे त्याच इंग्रजांच्या पोरांनी लढाई करून त्यांचीच जमीन घेतली. पादरी निघून गेला. काकाजींचा ताप उतरला, गोष्ट मात्र डोक्यात चढली ती चढलीच.

तेव्हापासून ते मक्याच्या प्रत्येक बीखाली मासा पुरत. गावातली सगळी मांजरं आमच्या वाडीत मुक्कामाला आली. मका काही धड उगवेना, मांजरांनी मात्र बाळसं धरलं. काकी म्हणायची, "पोरायले खायले मासा नाही, अन् हा मानूस मातीले जेवू घालून राहिला!" गोरा जंगलसाहेब दौऱ्यावर आला की काकाजी पाण्याची घागर लपवत. त्यानं रस्ता विचारला तर सांगत, "रस्ताच नाही," तेही रस्त्यात उभं राहून. लग्न असो की तेरावं, चार माणसं दिसली की सुरू: "पावण्याले ओसरीवर बसवा, घर दाखवू नका! ते वाम्पानोआग भोळे होते बिचारे."

आमच्या धानाच्या बांधीपलीकडची मोहाची झाडं सरकारी मोजणीत काकाजींच्या नावे लागली. त्यांनी लगेच भोवती काटे लावले. सुकवारो नावाची गोंड म्हातारी तिथं जन्मभर फुलं वेचत आलेली. वर्षातले उपाशी महिने ती त्याच फुलांवर काढायची. त्या चैत्रात ती रिकामी टोपली घेऊन अंगणात आली. काकाजी पाहुण्यांना तीच गोष्ट सांगत होते. तिनं ती शेवटपर्यंत ऐकली.

"काऊन जी काकाजी, तुमचे बुढे माळव्यातून आले, तवा त्यायले या जंगलात पानी कोनं दाखवलं?"

"तुमच्याच लोकायनं."

"पेज कोनं पाजली?"

"तुमीच."

"मंग तुमी कोन्या देशाची गोष्ट सांगून राहिले जी?"

पाहुणे उगाच पानाला चुना लावत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी स्वतः काटे उपसत होते आणि काट्यांना वाळवी लागली म्हणून ओरडत होते. वाळवीबिळवी काही नव्हती. सुकवारो "बरं जी" म्हणाली आणि वेचायला बसली. त्यानंतर काकाजींनी वाम्पानोआगांना कधी भोळं म्हटलं नाही.

मासे मात्र ते मरेपर्यंत पुरत राहिले. त्यांचं तेरावं होताच माझ्या चुलतभावांनी मोहाभोवती पुन्हा काटे लावले. मांजरं काही दिवस वाडी उकरत फिरली, मग तीही गेली. चैत्रात सुकवारो टोपली घेऊन अंगणात आली आणि बराच वेळ उभी राहिली. पण आता तिथं गोष्ट सांगणारंच कोणी नव्हतं.