दारावरची डहाळी

लेकीला कांजिण्या आल्या तेव्हा सासूबाईंनी सकाळीच फ्लॅटच्या दाराला कडुलिंबाची डहाळी खोचली. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत कडुलिंबाचं एकच झाड, तेही क्लबहाऊसच्या मागे. वॉचमनची नजर चुकवून त्यांनी ती तोडून आणली होती. सासूबाई चाकणकडच्या जुन्या गावातल्या. "बया आल्यात पोरीला. आता घरात फोडणी द्यायची न्हाई," त्यांनी बजावलं.

फोडणीचं मी ऐकलं. डहाळीने मात्र माझं डोकं फिरलं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई. कडुलिंबाला विषाणू भीक घालत नाहीत, एवढं मला कळत होतं. शिवाय आमचं दार लिफ्टसमोरच. येणारे-जाणारे म्हणतील, शिकलेल्यांच्या घरात हे काय! लेकीची लस आज-उद्या करता करता माझ्याकडूनच राहून गेली होती. त्याची लाज वाटली नाही, पाल्याची वाटली. सासूबाई अंघोळीला गेल्या तशी मी डहाळी काढली आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात कोंबली.

दुपारी मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगला बसले होते. सासूबाईंचा डोळा लागला होता, दार नुसतं लोटलेलं. बाहेर आले तर समोरच्या फ्लॅटमधली सोफ्यावर बसलेली, आणि लेकीचं डोकं तिच्या मांडीवर. ती नेहमीसारखी विरजण मागायला आली होती. मूळची बीडकडची, नवरा चाकणला कंपनीत. बऱ्याच वर्षांनी तिला दिवस राहिले होते.

"अगं, तू आत कशी आलीस? कांजिण्या आहेत तिला!" मी ओरडलेच.

ती ताडकन उठली. "मला घामोळ्या वाटल्या, वहिनी. दाराला पाला नव्हता ना! आमच्याकडं असं काही असलं की पाला लावतात. तो दिसला की गर्भारीण उंबरा ओलांडत नाही."

आवाजाने सासूबाई उठून आल्या. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. "माझंच चुकलं गं बाई," त्या तिला म्हणाल्या. "नीट खोचली न्हाई म्या. पडली आसंल कुठंतरी."

मी आत जाऊन ओल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

संध्याकाळी शेजारणीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या तिला जे समजावत होत्या ते सगळं मला पाठ होतं. कांजिण्या एकदा येऊन गेल्या की त्या विषाणूला ओळखणाऱ्या काही पेशी शरीरात वर्षानुवर्षं राहतात. तो पुन्हा आला की लगेच त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला घेतात. गाठ पहिल्यांदाच पडली असेल तर ओळख पटून तयारी होण्यातच दिवस जातात आणि तोवर विषाणू पसरतो. आईच्या रक्तात प्रतिपिंडं असली की ती वारेतून, नाळेवाटे बाळालाही मिळतात. नसली तर बाळालाही धोका असतो. या प्रश्नाला मला कॉलेजात चांगले गुण पडले होते.

"लहानपणी आल्या होत्या का कांजिण्या?"

"आठवत नाही. आई असती तर तिला विचारलं असतं."

"तुला आठवत नसेल, पण रक्ताला आठवत असेल. तपासून बघू."

रिपोर्ट यायचा होता. त्या दिवसांत समोरचं दार उघडल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दाराशी जायचे. शेवटी न राहवून मी सासूबाईंना सांगितलं, "आई, डहाळी मी काढली होती."

"ठावं हाय मला. डब्यात दिसली व्हती."

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलं?"

त्या लेकीच्या फोडांवर पाल्याने वारा घालत होत्या. "म्हातारीचं चुकलं तर मानसं इसरून जात्यात. तुझं न्हाई इसरायची. तिनं आपल्या दारात यावं पुन्हा, म्हणून."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

रिपोर्ट चांगला आला. कधीतरी लहानपणी तिला कांजिण्या येऊन गेल्या होत्या. बाळाला धोका नव्हता. ती सांगायला आली तेव्हा हसत होती, रडत होती, आणि सासूबाईंच्या पाया पडायला वाकत होती. ते मला बघवेना. "डहाळी पडली नव्हती," मी म्हटलं. "मी काढून टाकली होती. लोक हसतील म्हणून." तिने माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरं, येते मी."

विरजण घ्यायला ती अजूनही येते. बेल वाजवण्याआधी चौकटीकडे एकदा वर बघते. मी दार उघडते तेव्हा उंबऱ्याबाहेर उभी राहूनच वाटी पुढे करते. मी वाटीत विरजण घालून देते. "आत ये ना" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.