वजन झाल्यावर पाणी

मला किळस फार लवकर येते. कुणी बोट घालून चहातली साय काढली की तो चहा माझ्या घशाखाली उतरत नाही. एसटीत शेजारच्यानं तंबाखू मळायला घेतली की मी उठून उभी राहते. अशा मुलीनं बॉक्सिंग शिकायचं म्हटल्यावर आमच्या आंबवड्यात माझी चेष्टा व्हायचीच. पण कॉलेजनं एकदा स्पर्धा पाहायला नेलं होतं. तिथं माझ्याच अंगलटीची एक मुलगी हनुवटी छातीशी घेऊन, हात वर करून उभी होती. ती काही डोक्यातून जाईना.

वडिलांनी बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी एका अटीवर हो म्हटलं. "येकच ठिकाण धर. आज हितं, उद्या तितं, मास्तर पटला न्हाई म्हणून परत घरी, असं केलंस तर पुन्यांदा नाव काढायचं न्हाई." म्हणजे निवड चुकली की माझं बॉक्सिंग संपलं. सोबत आईनं जायचं असं ठरलं.

भोरमध्ये एका बंद पडलेल्या गोदामात एक वस्ताद शिकवायचे. दार उघडलं आणि आंबट, कुबट वासाचा भपकारा अंगावर आला. ग्लोव्हज सगळ्यांत मिळून वापरायचे. मला घालून बघायला दिले, तर आतून ओले आणि आधीच्याच्या घामानं अजून कोमट. हेल्मेटच्या पट्टीवर कुणाचा तरी शेंबूड वाळला होता. वस्ताद गाडीच्या किल्लीनं कान कोरत उभे होते आणि मधूनमधून ओरडत होते, "पानी प्या आधी. ए, तू न्हाई प्यालास." पोरं एकाच तांब्याला तोंड लावून प्यायची. मी आईचा पदर ओढला आणि म्हटलं, चल इथून.

दुसरं ठिकाण किकवीजवळ, हायवेला. फोन करून गेलो होतो. चकचकीत लादी, भिंतभर आरसे, फिनेलचा वास. पांढरे मोजे घातलेल्या मुली एका ओळीत उभ्या होत्या. दारातल्या फ्लेक्सवर सरांचा चेहरा कलिंगडाएवढा आणि पदकवाल्या मुलींचे लिंबाएवढे, पण ते मी मनावर घेतलं नाही. सर गोड बोलले. "ताई, तुमची मुलगी ती माझी मुलगी." माझं तिथंच ठरलं.

आईचं ठरेना. ती म्हशी पाळते. एकदा विंझरच्या एकानं आदल्या दिवसापासून धार न काढता म्हैस दाखवली होती. कास टम्म फुगलेली दिसली, आणि घरी आणल्यावर निम्मंही दूध देईना. तेव्हापासून आई जनावर बघायला कधी सांगून जात नाही. "बोलावल्या दिशी समदंच चांगलं दिसतं," ती म्हणाली. "आपण न सांगता जाऊ." मी चिडले. माझे सर म्हणजे काय म्हैस आहेत का, असंही बोलले. पण तिच्याशिवाय मला घरातून कोण सोडणार होतं?

भर दुपारी गेलो. शेडचं दार लोटलेलं, पंखे बंद, वर पत्रा तापलेला. आत मुली रेनकोट घालून दोरीच्या उड्या मारत होत्या. दमलेल्या काहीजणी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्यामध्ये एक डालड्याचा डबा. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती आणि त्याआधी वजन. प्रत्येकीच्या तोंडात चिंच होती. चिंच चघळली की तोंडाला पाणी सुटतं, ते गिळायचं नाही, डब्यात थुंकायचं. अंगातलं तेवढं पाणी कमी, तेवढं वजन कमी. डब्यात तपकिरी, चिकट, तारा सुटणारी थुंकी साचली होती आणि कडेवर माशा बसल्या होत्या. मी तोंडावर ओढणी धरली.

डब्याजवळच्या मुलीचे ओठ फुटून रक्ताळले होते. माझ्याच वयाची असेल. आईनं पिशवीतली बाटली काढून तिच्यापुढं धरली. मुलीनं बाटलीकडं पाहिलं, मग सरांकडं.

"वजन झाल्यावर, ताई," सर हसून म्हणाले. मग माझ्याकडं वळले आणि बाजारात बोकडाची पाठ दाबतात तसा माझा दंड चिमटीत धरून पाहिला. "हिला तीनेक किलो उतरवू. खालच्या वजनगटात बसली की मेडल आपलंच."

घरी जाऊन मी तो दंड साबणानं चोळचोळून धुतला. त्याआधी किकवीच्या स्टँडवर आई एवढंच म्हणाली, "माझ्या गोठ्यात कुणी असं केलं असतं, तर त्यालाच दावणीला बांधला असता. भोरचा तो घाणेरडा माणूस निदान पोरांना पाणी तरी पाजत व्हता."

मग मी त्या गोदामात जाऊ लागले. पहिल्या आठवड्यात दोनदा बाहेर जाऊन ओकले. ग्लोव्हजबद्दल तक्रार केली, तर वस्ताद म्हणाले, "धू की मग." धुतले, उन्हात वाळवले, दोन दिवसांत पुन्हा तोच वास. त्याची सवय मला आजतागायत झालेली नाही.

पुढच्या वर्षी माझी पहिली लढत लागली. समोर कोपऱ्यात तीच डब्याजवळची मुलगी, डोळे खोल गेलेले. जिंकणारीचं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होतं, म्हणून तिनं आजही घोटभरच पाणी घेतलं असणार. पहिल्या फेरीत ती माझ्यापेक्षा चपळ होती. दुसऱ्या फेरीत तिचे हात आपोआप खाली आले. मी शिकवल्याप्रमाणे सरळ ठोसा मारला. ती गुडघ्यांवर बसली आणि तिथंच ओकली. चिंचेचा आंबट वास माझ्या नाकात शिरला. पंचांनी माझा हात वर केला. याच क्षणासाठी मी वर्षभर त्या घाणीत हात घातले होते, आणि आता मला त्या वर केलेल्या हाताचीच किळस आली.

खाली उतरले तोवर आई बाटली घेऊन तिच्यापाशी पोचली होती. सर बाजूला कुणाशी तरी बोलत उभे होते.

"पाजा, ताई, हवं तेवढं पाजा," ते म्हणाले. "हरलीच आता. आता कसलं वजन."

आईनं झाकण काढून बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती ओठांपर्यंत नेली, तिथंच धरली, आणि सरांकडं पाहिलं.